चेनसॉच्या चेनला धार: आधी कानस, मग ग्राइंडर

एप्रिल-मे आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत पावसाळ्याआधीच्या छाटणीची लगबग सुरू होते. सोसायटीच्या भिंतीवर ओणवलेला गुलमोहर, पार्किंगवर झुकलेला सोनमोहर, विजेच्या तारांत घुसलेला पर्जन्यवृक्ष. याच दिवसांत चेनसॉ विकत घेणारेही वाढतात. त्यांत छाटणीची छोटी कंत्राटं घेणारी पोरं असतात, सोसायट्यांचे माळी असतात, आणि राहायला घोडबंदर रोडवर पण शेत मुरबाड-शहापूरकडे, अशी मंडळीही असतात. मशीन घेताना किती सीसी, किती इंच बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी), हे प्रत्येक जण विचारतो. चेनला धार कशाने लावायची हे विचारणारा क्वचित भेटतो. मग थोड्याच दिवसांत ‘मशीन ओढत नाही’ अशी तक्रार सुरू होते. मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडतो, प्लग बदलतो, आणि दोष मात्र चेनमध्येच बसलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. नवख्या माणसाने आधी गोल कानस हातात धरायला शिकावं. ग्राइंडर वाईट नाही; काही वेळा त्याच्याशिवाय इलाजच नसतो. पण ते बिघडलेली चेन पुन्हा मापात आणण्याचं यंत्र आहे, रोजची धार काढण्याचं नव्हे. ज्याला कानशीने एक दात नीट लावता येतो तो ग्राइंडरवरही चुकत नाही. उलट क्रमाने शिकणाऱ्यांच्या चेनी निम्म्या आयुष्यातच संपतात.

छाटणी म्हटली की कायदा आलाच. महानगरपालिका हद्दीत झाड तोडायचं असेल तर, अगदी स्वतःच्या आवारातलं असलं तरी, महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या उतरवण्याआधीही पालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्या. आता चेनकडे वळू.

धार गेली हे कसं ओळखायचं

मशीनखाली काय पडतंय ते बघा. धारदार चेन लाकडाचे जाडसर ढलपे फेकते. बोथट चेन बारीक भुगा पाडते. बार दाबल्याशिवाय आत जात नसेल, तेल व्यवस्थित येत असूनही कापाच्या जागी धूर निघत असेल, काप सरळ न जाता एका बाजूला वळत असेल, तर थांबा. बोथट चेन दाबून चालवली की बार तापतो, क्लच घासतो, तुमचे खांदे जातात आणि पेट्रोल उगाच जळतं.

आणखी एक खात्रीची खूण आहे. मशीन बंद करून एकेक दात उन्हात फिरवून बघा. बोथट दाताच्या कडेवर पांढरी चमकती रेघ दिसते. ती रेघ म्हणजे गोल झालेली धार. तिच्यावरून उजेड परततो. खऱ्या धारेवर परतायला जागाच नसते, त्यामुळे तिथे काही चमकत नाही. कानस चालवताना ही रेघ पुसली जाईपर्यंत थांबायचं नाही, आणि पुसली गेली की एक हातही जास्त मारायचा नाही. धार लावण्यातलं निम्मं कसब एवढ्यातच आहे.

दाताची रचना

चेनचा एकेक दात बोटात धरून बघितल्याशिवाय पुढचं डोक्यात शिरणार नाही, म्हणून हातमोजा घालून एक दात समोर घ्याच. वर आडवं पातं असतं, बाजूला उभं पातं असतं, आणि दोन्ही मिळतात तिथे टोक असतं. लाकडाचे तंतू मुख्यतः हे टोक तोडतं. वरचं पातं तो तुकडा उचलून बाहेर काढतं. टोक गेलं की बाकीच्या दाताला कितीही धार असली तरी उपयोग नाही. दाताच्या बाहेरच्या पृष्ठावर क्रोमचा पातळ, अतिशय कठीण थर असतो. धार खरं तर या थराचीच असते. आतलं पोलाद त्याला आधार देतं. म्हणून दगड किंवा सिमेंट लागून टोकाचं क्रोम उडालं असेल, तर क्रोम शाबूत आहे तिथपर्यंत दात मागे घ्यावाच लागतो.

दाताच्या पुढे एक ठेंगणा उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दात किती खोल चावणार हे तो ठरवतो. सुताराच्या रंध्यात पातं तळव्याच्या किती खाली काढलंय त्यावर रंधा किती जाड साल काढणार हे ठरतं, तसंच इथे. रेकर दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो; .४०४ पिचच्या मोठ्या चेनना ०.८ च्या आसपास. दात घासून मागे गेला की तो थोडा खालीही येतो, कारण वरचं पातं मागे उतरतं असतं. रेकर मात्र होता तिथेच राहतो. मग दात लखलखीत आणि तरी चेन लाकडावरून नुसती सरकते. ‘धार लावून आणली, तरी कापत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हा रेकरच असतो.

चेन ओळखा, मग कानस घ्या

पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा. बाजारात मुख्यतः १/४, .३२५, ३/८ आणि .४०४ इंच पिचच्या चेनी असतात. ३/८ मध्येही दोन जाती आहेत, एक ठेंगणी लो-प्रोफाइल आणि एक पूर्ण उंचीची. दोघींची कानस वेगळी, म्हणून हा फरक दुकानातच स्पष्ट करून घ्या. पिच बहुतेक वेळा बारवर कोरलेलं असतं. ओरेगॉन कंपनीच्या चेनवर ड्राइव्ह लिंकला, म्हणजे बारच्या खोबणीत बसणाऱ्या कडीला, आकडा असतो: ९१ म्हणजे ३/८ लो-प्रोफाइल, २०, २१, २२ म्हणजे .३२५, ७२, ७३, ७५ म्हणजे पूर्ण ३/८. स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनवर रेकरवर एकच आकडा असतो: २ म्हणजे .३२५, ३ म्हणजे ३/८, ६ म्हणजे ठेंगणी ३/८.

कानशीचा व्यास असा: ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी, पूर्ण ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी, .४०४ ला ५.५ मिमी. आपल्याकडे सर्रास विकली जाणारी ५८ सीसी, २२ इंच बारची मशीन बहुधा .३२५ ची असते, पण ‘बहुधा’वर विसंबू नका, आकडा बघा. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या करवतींना १/४ ची बारीक चेन असते. तिच्यासाठी चेनच्या पुड्यावर लिहिलेलाच व्यास घ्यायचा, कारण तिथे कंपनीगणिक फरक आहे.

चुकीच्या व्यासाची कानस फार नुकसान करते. जाड कानस दात बोथट कोनात उतरवते, तो लाकडात घुसत नाही. बारीक कानस दाताच्या पोटात, म्हणजे वरच्या पात्याखालच्या खोलगट भागात, खोल शिरून धार नको तितकी पातळ करते. अशी धार पहिल्या दोन कापांत भन्नाट चालते आणि मग दुमडते.

गोल कानस, मूठ, कोन दाखवणारी गाइडपट्टी, रेकरचं गेज आणि एक छोटी चपटी कानस, एवढं सामान पुरे. ठाण्याच्या बाजारात हार्डवेअरवाल्याकडे गोल कानस मिळते, पण ती साधी निमुळती ‘रॅट-टेल’ नको. चेनसॉची कानस टोकापासून मुठीपर्यंत एकाच जाडीची असते. गाइड आणि गेज जवळपास मिळालं नाही तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट गाठा. मशीद बंदर स्टेशनला उतरायचं. ठाण्याहून धीमी लोकल धरा, जलद तिथे थांबत नाही. वाशीहून सीएसएमटीकडे जाणारी हार्बरची गाडी चालते. एकाच व्यासाच्या तीन-चार कानशी घेऊन ठेवा. कानसही बोथट होते हे बरेच जण विसरतात, आणि मेलेली कानस दातावर नुसती घसरवत बसतात.

हाताने धार: एकेक पायरी

मशीन बंद, थंड. पेट्रोलची असेल तर प्लगची टोपी काढा, बॅटरीची असेल तर बॅटरी बाहेर. हातात चामडी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. बार व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, घट्ट धरा. साइटवर असाल तर ओंडक्यात ठोकायची छोटी व्हाइस मिळते, ती उत्तम. मांडीवर मशीन घेऊन कानस चालवणारे बरेच दिसतात. दात हलतो, कोन हलतो, आणि कधी तरी बोटही मध्ये येतं. चेन नेहमीपेक्षा जरा जास्त ताणून घ्या म्हणजे दात डुगडुगणार नाही. काम झालं की ताण पुन्हा पहिल्यासारखा करायचा. चेन ब्रेक सोडलेला असेल तरच चेन पुढे सरकवता येते.

चेन आधी ब्रशने साफ करा. वड, फणस, आंबा कापला असेल तर चीक आणि तेल मिळून दातांत काळा थर बसतो, तो डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने निघतो. घाणीवर कानस चालवली तर कानशीचे दाते बुजतात.

आता सगळ्या दातांत सर्वांत आखूड कोणता ते शोधा. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर डोळ्याने. त्याच्यावर मार्करने खूण करा. बाकीच्या सगळ्या दातांना त्याच्याच लांबीवर यायचं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

बहुतेक दातांच्या वरच्या पात्यावर मागच्या बाजूला एक तिरकी रेघ कोरलेली असते. ती धारेचा कोन दाखवते, बहुतेक चेनमध्ये ३० अंश, काहींत २५. कानस त्या रेघेला समांतर धरायची आणि आडवी, जमिनीला समांतर. उंचीही महत्त्वाची. कानशीच्या व्यासाचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसला पाहिजे. कानस खाली गेली तर दाताच्या पोटात आकडा होतो, वर गेली तर दात मागे झुकतो. गाइडपट्टी दातावर टेकवली की ही उंची आपोआप मिळते. म्हणून पहिले काही महिने गाइडशिवाय कानस चालवू नका, हातात कितीही कला असली तरी.

तुम्ही बारच्या ज्या बाजूला उभे असाल, त्याच्या पलीकडच्या बाजूचे दात लावायचे. कानस आतून बाहेर, म्हणजे आपल्यापासून लांब ढकलायची. परत आणताना उचलून आणायची, घासत नाही. मागे ओढताना कानस कापत नाही, फक्त तिची स्वतःची धार जाते. दाब किंचित मागे आणि वर, म्हणजे दाताच्या पोटाकडे आणि वरच्या पात्याकडे. लांब, सावकाश, पूर्ण कानसभर हात मारा. घाईघाईचे तोकडे हात मारले तर कानस मधोमध झिजते आणि टोकं कोरी राहतात. अधूनमधून कानस हातात थोडी फिरवत राहा, म्हणजे ती सगळीकडून सारखी वापरली जाईल.

नीट लागत असलेल्या दाताचा आवाज ओळखू येतो. खरखर स्वच्छ आणि एकसारखी येते, कानशीवर चंदेरी कीस दिसतो. नुसती चीं-चीं ऐकू आली आणि कीस नसेल, तर कानस मेली आहे किंवा दात कधी तरी ग्राइंडरवर भाजला आहे.

तीन ते पाच हात प्रत्येक दाताला, आणि प्रत्येकाला तेवढेच. बोथटपणा फार असेल तरी आधी सगळ्या दातांना समान हात द्या आणि मग दुसरी फेरी करा. एक बाजू झाली की मशीनच्या दुसऱ्या बाजूला जा. ७२ ड्राइव्ह लिंकच्या चेनला ३६ दात असतात, १८ डावे आणि १८ उजवे. उजवा हात जोरदार चालणाऱ्यांचे एका बाजूचे दात नकळत जास्त झिजतात. मग काप धनुष्यासारखा वळतो आणि लोक बारला दोष देतात. काप नेहमी एकाच बाजूला वळत असेल तर डावा-उजवा दात शेजारी ठेवून मोजा. जी बाजू लांब आहे तिला एखादा हात जादा द्या.

सुरुवातीला यात चांगला अर्धा तास मोडतो. हात बसला की चहा उकळेपर्यंत काम होतं. शिवाय टाकी भरायला थांबला असाल तेव्हा प्रत्येक दाताला दोन हात मारून घेतले, तर मोठी धार लावायची वेळच फारशी येत नाही.

रेकर

तीन-चार वेळा धार लावली की रेकर तपासायचा. गेज दोन दातांवर आडवं टेकवा. खाचेतून रेकर वर डोकावत असेल तर डोकावणारा भाग चपट्या कानशीने गेजच्या पातळीला आणा. मग गेज काढून रेकरची पुढची कड किंचित गोल करा, नाहीतर ती लाकडात अडकते. आधी दात, मग रेकर, हाच क्रम. दात नंतर घासले तर मोजलेलं अंतर पुन्हा बदलतं.

मशीन जोरात खावी म्हणून रेकर खाली-खाली घासणारे शूरवीर असतात. अशी चेन हिसके देते, इंजिन गुदमरतं, आणि बारचं टोक लाकडाला लागलं की मशीन उलट उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. चिंचेसारखं वाळलेलं कठीण लाकूड आणि ताकद कमी असलेली मशीन, अशा जोडीला तर ०.६५ पेक्षा जरा कमीच ठेवलेलं बरं. कानशीचे दोन दांडे आणि मध्ये रेकरची पट्टी असलेली टू-इन-वन हत्यारंही मिळतात. दात आणि रेकर एकाच हातात होतात, आणि रेकर विसरणाऱ्यांसाठी ती खरंच कामाची आहेत.

ग्राइंडर कधी

ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्याकडेची झाडं म्हणजे चेनचा काळ. खोडात पाट्यांचे खिळे, दिव्यांच्या माळांचे स्टेपल, तारा, बुंध्याभोवती ओतलेलं सिमेंट. साल वर चढल्यामुळे जुना खिळा दिसत नाही. काही लाकडांत लोखंडाभोवतीचा भाग काळा-निळा पडतो, तो दिसला की जपून. खिळा लागला की एका क्षणात पाच-सहा दातांची टोकं उडतात. अशा दाताला कानशीने मागे आणायचं तर तीस-चाळीस हात, आणि मग बाकीचे सगळे दात त्याच्या मापाला. इथे ग्राइंडर हवाच. दुसरी वेळ म्हणजे हाताने लावून-लावून दातांची लांबी आणि कोन पार बिघडलेले असतात. तिसरी म्हणजे पाच-सहा मशीन आणि पंधरा-वीस चेनी असलेलं कंत्राट. एवढ्या चेनी रोज रात्री हाताने लावत बसणं कोणालाही परवडत नाही.

चेनचा ग्राइंडर वेगळा असतो. चेन धरायची फिरती व्हाइस, कोनाचे आकडे, वरून खाली येणारं डोकं. हातातला अँगल ग्राइंडर, ज्याला सगळे कटर म्हणतात, तो इथे चालत नाही. त्याने चेन लावून देणारे सापडतात, त्यांना दुरून नमस्कार. दारावर येणाऱ्या सायकलवाल्या धारवाल्यालाही नाही; तो सुऱ्या-कात्र्या छान लावतो, ते त्याचं काम.

दगडाची जाडी चेननुसार. १/४ आणि ३/८ लो-प्रोफाइलला ३.२ मिमी, पूर्ण ३/८ आणि .४०४ ला ४.८ मिमीच्या आसपास, .३२५ ला चेनच्या प्रकारानुसार यांपैकी एक. स्वस्त ग्राइंडरसोबत बहुधा ३.२ चाच दगड येतो. रेकरसाठी आणखी जाड, ६ मिमीचा. दगड बसवण्याआधी बोटात लटकवून लाकडी मुठीने हळूच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा आहे, फेकून द्या. दगडावर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवा. चालू केल्यावर पहिलं मिनिटभर समोर उभं राहू नका. मग ड्रेसिंगच्या दगडाने त्याची कड गोल करून घ्या. चपट्या कडेच्या दगडाने दाताला हवा तो पोटाचा बाक येत नाही, आणि चकचकीत झालेला दगड कापण्याऐवजी तापवतो.

चेन मशीनवरून काढा, डिझेलमध्ये धुवा, पुसून कोरडी करा. तेलकट चेन दगडाचे डोळे बुजवते. व्हाइस ३० अंशांवर किंवा चेनला जो कोन असेल त्यावर. डोक्याचा कल बहुतेक चेनना ५५ ते ६० अंशांत, नेमका आकडा चेनच्या पुड्यावर असतो. काही टोकदार, फुल-चिझल चेनना व्हाइस १० अंशांनी झुकवायचीही सूचना असते. सर्वांत आखूड दात व्हाइसमध्ये घ्या, मशीन बंद ठेवूनच डोकं खाली आणा आणि दगड दाताला कुठे टेकतोय ते बघा. खोलीचा स्क्रू असा लावा की दगड दाताच्या पोटापर्यंत जाईल पण खालच्या लिंकला लागणार नाही. लिंकला खाच पडली तर चेन तिथेच तुटू शकते.

मग चालू करा. दगड दाताला टेकवा आणि उचला. टेकवा, उचला. धरून ठेवायचं नाही. या एका सवयीवर सगळं अवलंबून आहे. दात निळा पडला तर पोलादाचं पाणी उतरलं. भाजलेल्या जागी धार टिकत नाही, कधी कधी पृष्ठभाग इतका कडक होतो की नंतर कानस त्याच्यावरून घसरते. एका दमात जास्त काढायचं असेल तर सगळ्या चेनवर एक हलकी फेरी, मग दुसरी. मधल्या वेळात पहिला दात थंड होतो.

एका बाजूचे दात झाले की व्हाइस दुसऱ्या बाजूच्या ३० वर फिरवा, आणि इथे पुन्हा मोजा. स्वस्त ग्राइंडरमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूला दगड एकाच ठिकाणी टेकत नाही, अर्धा मिलिमीटरही फरक पडतो. स्क्रू पुन्हा जुळवा. नाहीतर यंत्रावर लावलेली चेनही वाकडी कापेल, आणि तेव्हा यंत्रावर विश्वास ठेवून तुम्ही भलतंच काही तपासत बसाल.

शेवटी प्रत्येक दाताला गोल कानशीचा एक हलका हात. ग्राइंडरने कडेला धातूची बारीक कणी उभी राहते, ती निघते, आणि कुठला दात भाजलाय तेही हाताला कळतं. मग चेन धुऊन, तेलात थोडा वेळ बुडवून मगच चढवायची. दगडाची भुकटी बारच्या खोबणीत गेली तर खोबण झिजते.

घरी ग्राइंडर घ्यावा का

एक-दोन चेनी असतील तर नको. फ्लॅटच्या बाल्कनीत तो चालवला तर आवाजाने शेजारी आणि ठिणग्यांनी घरचे, दोघंही तुमच्यावर उठतील. लोखंडाची भुकटी फरशीवर पडली की पावसाळ्याच्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस डाग धरते आणि सहज निघत नाही. खराब झालेली चेन बाहेर लावून घ्या. टूल-कटर ग्राइंडिंग करणारी वर्कशॉप ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात सापडतात, चेनसॉचे सर्व्हिसवालेही लावून देतात. देण्याआधी दोनच गोष्टी विचारा: चेनचा कोनवाला ग्राइंडर आहे का, आणि रेकर बघणार का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस गोंधळला तर चेन परत घ्या. दिल्या-घेतल्याच्या वेळी एका दाताची लांबी मोजून ठेवा. खिळा न लागलेल्या चेनचा दात मिलिमीटरभर कमी होऊन आला, तर तिथे पुन्हा जायचं नाही.

कार्बाइडचे दात असलेली चेन मात्र कानशीने लागत नाही आणि साध्या दगडानेही नाही. तिला डायमंड दगड लागतो. अग्निशमन आणि बचावकामात तशा चेनी वापरतात. घरगुती छाटणीला त्या घेण्यात अर्थ नाही.

धार टिकवण्याचं थोडंसं

आपल्याकडच्या धुळीत फुल-चिझलपेक्षा सेमी-चिझल चेन घ्या. टोक जरा गोल असल्यामुळे कापते थोडी हळू, पण धूळ, मातीत लवकर मरत नाही. जुलैच्या पावसात पडलेल्या फांद्या चिखलात लोळलेल्या असतात. त्यांच्या सालीतली रेती एका कापात धार नेते, म्हणून आधी झाडूने किंवा पाण्याने साफ करा आणि बारचं टोक जमिनीला लागू देऊ नका. नारळाच्या खोडात सिलिका असते, त्यामुळे ते दिसायला तंतुमय असलं तरी चेन पटापट बोथट होते. नारळ कापायला निघताना धार लावलेली दुसरी चेन सोबत असू द्या. वादळात कोसळलेला वड कापायची वेळ आली तर वटपौर्णिमेचं सूत आधी पात्याने कापून पूर्ण सोडवा, नाहीतर ते स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंडाळलं जातं आणि कव्हर उघडून बसावं लागतं.

चेनला चेन ऑइलच घाला. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल घालायची पद्धत सगळीकडे आहे. त्यात धातूचे बारीक कण असतात, बार आणि चेन दोन्ही झिजतात, आणि ते झाडाखालच्या मातीतही उतरतं. धार लावताना प्रत्येक वेळी बारची खोबण खरवडा, तेलाचं भोक उघडं आहे का बघा आणि बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. दोन चेनी संपल्या की स्प्रॉकेट बदलायचा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणं म्हणजे तिचंही आयुष्य घटवणं. खाडीकाठच्या दमट हवेत कानशी उघड्या ठेवल्या की गंजतात. कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, एकमेकींवर घासू देऊ नका, आणि कानशीला तेल लावू नका, तेलकट कानस दातावर घसरते.

बऱ्याच दातांच्या मागच्या टोकाजवळ आणखी एक रेघ असते, ती झिजेची मर्यादा. धार त्या रेघेपर्यंत आली, किंवा वरचं पातं ४ मिमीपेक्षा आखूड झालं, की चेन संपली, मग दात कितीही चकचकीत असोत. एवढा आखूड दात तुटून उडू शकतो. भंगारात देताना चेन जाड कापडात किंवा गोणपाटात गुंडाळून वर तारेने बांधा, भंगारवाल्याची बोटंही बोटंच आहेत.